शेजारची तयारी

१

वादळ दुपारनंतर किनाऱ्याला लागणार असं बातम्यांत सांगितलं, तेव्हाच चारुताने कंबर कसली. नवरा सत्यजीत ऑफिसच्या कामासाठी नागपूरला अडकलेला, मुलगी मिताली पुण्याला शिकायला. खांदा कॉलनीतल्या त्या बैठ्या घरात उरल्या होत्या दोघी. एक ती आणि दुसऱ्या तिच्या सासूबाई.

आशालताबाई गणपतीत न्हाणीच्या ओल्या फरशीवर पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. प्लेट बसवली होती, पण पाय टेकायला डॉक्टरांनी अजून परवानगी दिली नव्हती. पुढच्या खोलीत खिडकीशी भाड्याने आणलेला चाकांचा पलंग टाकला होता. त्यावर उशांना टेकून त्या दिवसभर रस्त्यावर नजर ठेवायच्या आणि घरातल्या प्रत्येक कामाला वरून सूचना द्यायच्या. सारा जन्म त्यांनी शिवणाचे वर्ग चालवले होते. पनवेलातल्या अर्ध्या बायकांना त्यांनी उसवायला आणि पुन्हा शिवायला लावलं होतं. ती सवय पाय मोडल्याने थोडीच जाणार!

"गॅसचा सिलिंडर उंचावर ठेव," त्या म्हणाल्या. "आणि माझी औषधं दोन पिशव्यांत घाल. एक भिजली तर दुसरी राहील."

"ठेवते, आई."

"ठेवते नको. ठेव."

कामाला येणारी गंगाबाई सकाळीच येऊन भांडी उरकून निघाली होती. तिचा भाऊ करंजाला मासेमारी करायचा. पदर खोचत ती दारात थांबली. "ताई, बंदरान सगल्या बोटी वडून बांधल्यान. भाऊ बोलला, असा काला दर्या त्यानं कदी बगला नाय. तुमी पन घर सोडा."

"बघते," चारुता म्हणाली. पण घर सोडायचं तिच्या मनात नव्हतं. आईंना हलवायचं म्हणजे काय असतं, ते तिलाच ठाऊक होतं.

ती चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. तेव्हा डाव्या हाताच्या भिंतीतून आवाज आला. कोणीतरी पिंप भरत होतं. रिकाम्या पिंपात धार पडताना आधी ढबढब होते, मग आवाज चढत जातो, शेवटी पाणी काठाला येऊन गप्प होतं, तसा. मग नळ बंद केल्याची किरकिर.

शेजारची मंडळी आली वाटतं, असं तिला वाटलं आणि बरंच वाटलं. ते घर कित्येक वर्षं बंद होतं. मालक परराज्यात, चावी कोणाकडे तेही ठाऊक नव्हतं. पण अशा दिवशी भिंतीपलीकडे माणूस आहे, एवढंही पुष्कळ झालं.

चहा झाल्यावर तिने आपलं पिंप भरायला घेतलं. ढबढब झाली, आवाज चढला, पाणी काठाला आलं. नळ बंद करताना किरकिर झाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्या घरांतले नळ एकाच वयाचे, एकाच तऱ्हेचे.

२

आकाश एव्हाना काळवंडलेल्या तांब्याच्या भांड्यासारखं झालं होतं. वारा नव्हता. समोरच्या बदामाचं पानही हलत नव्हतं. चारुता अंगणातल्या कुंड्या आत घेत होती, तेवढ्यात तिला वाटलं, शेजाऱ्यांना काही हवं-नको विचारावं. ती फाटकाबाहेर पडून त्यांच्या दाराशी गेली.

कडीला कुलूप होतं. गंजून कडीशी एकजीव झालेलं. त्याच्यावरून एक वेल आडवी जाऊन दाराच्या फटीत शिरली होती. तिचं एक पानसुद्धा तुटलेलं नव्हतं. बाजूला नळाची जोडणी कापून पाइपच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकली होती. तिने ती खुंटी बोटाने हलवून पाहिली. हलली नाही.

ती थोडा वेळ तिथे उभी राहिली. आत काहीच वाजत नव्हतं.

मागच्या बाजूच्या घरातून आवाज आला असेल, तिने मनाशी म्हटलं. पाइपांतून आवाज कुठून कुठे जातो ते काय सांगावं?

घरात आली तर आशालताबाई म्हणाल्या, "तू कुठे होतीस? मला वाटलं आत काचांना पट्ट्या लावतेस."

"अजून कुठे लावल्यात?"

"मग मघाशी चर्रर्र चर्रर्र काय चाललं होतं? आणि वाटी पाडलीस ती. केवढा वेळ गरगरत होती! पायाने तरी थांबवायची."

 तिने कपाटातून रुंद चिकटपट्टी काढली आणि खिडकीच्या काचांवर फुल्या मारायला सुरुवात केली. पट्टी सुटताना चर्रर्र आवाज करत होती. शेवटच्या काचेशी तिचा कोपर लागला आणि खिडकीच्या कठड्यावरची औषधाची स्टीलची वाटी खाली पडली. फरशीवर ती गरगर फिरत राहिली. काठावर उभी राहून, कलंडत, पुन्हा फिरत. चारुताचा पाय उचललाच गेला नाही.

वाटी थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"वाट्या काय, पडतातच," आशालताबाई म्हणाल्या. पण आवाजातली नेहमीची धार बोथटली होती.

३

पावसाचे पहिले सपकारे आले तेव्हा गल्लीपलीकडचे कमलाकर पाटील छत्री सावरत आले. त्यांच्या वडिलांची मिठागरं होती, त्या जमिनींच्या पैशावर त्यांनी समोर तीन मजली इमारत बांधली होती. माणूस आडदांड आणि मनाने मोकळा.

"वैनी, चला आमच्याकडं. पयला मजला हाय, पानी येनार नाय. मावशींना आमी खुर्चीवर उचलतो."

"मुळीच नाही," पलंगावरून आवाज आला. "मागच्या खेपेला चौघांनी मला ओल्या परकरात ॲम्ब्युलन्सपर्यंत नेलंत. अख्खी कॉलनी बघत होती. आता मेले तरी या घरातून उचलून जायची नाही."

"मावशी, मेल्यावर उचलूनच नेतात," कमलाकर हसून म्हणाले. पण आशालताबाई हसल्या नाहीत.

चारुता त्यांना दारापर्यंत सोडायला आली. "तशीच वेळ आली तर मागची खोली आहे," तिने सांगितलं. "तिला खिडकी नाही. आईंना तिकडे नेईन."

ती खोली सत्यजीतने हौसेने वाढवून घेतली होती. भक्कम विटांचं काम, मागे नाल्याची काँक्रीटची भिंत. वारा शिरायला फट नाही. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा.

कमलाकरांनी मान डोलावली. मग निघता निघता डावीकडे पाहत विचारलं, "बाजूला कोन आलं काय? आतून बोलल्यासारखं वाटतंय."

"काय बोलतायत?"

त्यांनी कान दिला. "समजत नाय. बाईमानूस हाय. कोनालातरी समजावतंय." मग त्यांची नजर त्या कुलपावर, त्या वेलीवर गेली. त्यांनी छत्री उगाच मिटली, पुन्हा उघडली. "वारा असंल," ते म्हणाले. "मी मदी येऊन जातो. दार आतून घट्ट लावू नका."

४

मग वारा आला.

तो आला तेव्हा वारा वाटलाच नाही. घरावर कोणीतरी मोठं ओझं टेकवल्यासारखं झालं. दिवे गेले. भरदुपारी खोलीत तिन्हीसांजेसारखा अंधार झाला. कुठला तरी पत्रा रस्त्यावरून खणखणत गेला. बदामाची फांदी मोडून फाटकावर आडवी झाली आणि दाराखालून पाण्याची एक जीभ आत आली.

चारुता धडाधड कामाला लागली. दाराशी चादरीची वळकटी कोंबली. आईंच्या पायांवर प्लास्टिक टाकलं. हात चालू असले की डोकं ताळ्यावर राहतं, हे तिला आईंच्या आजारपणाने शिकवलं होतं. पण कान मात्र भिंतीपाशी होते.

खिडकीची काच पट्ट्यांसकट आत फुगत होती, बाहेर जात होती. श्वास घेतल्यासारखी. फुटली तर सगळी आईंच्या अंगावर. चारुताच्या मनात आलं, मागे न्यायला हवं.

ती तोंड उघडणार, तोच भिंतीतून शब्द आले.

"आई, मागच्या खोलीत नेते तुम्हाला. घट्ट धरा."

तिचे पाय जागच्या जागी रोवले गेले. तो आवाज तिने पूर्वी ऐकला होता. मितालीला मोबाईलवर पाठवलेला निरोप परत ऐकावा आणि आपणच आपल्याला परके वाटावं, तसा.

"ने ना मग," आशालताबाई म्हणाल्या. "नुसतं सांगतेस काय?"

"आई, मी काही बोलले नाही."

आशालताबाईंनी मान हळूच भिंतीकडे वळवली.

पलीकडे पलंग हलला. लोखंडी चाकं फरशीवरून निघाली. त्यातलं एक चाक किरकिरत होतं. प्रत्येक फेऱ्याला एकदा, खरचटल्यासारखं. ह्या पलंगाचं डोक्याकडचं चाक तसंच किरकिरायचं. दुकानदाराने तेल देतो म्हणून दिलं नव्हतं.

चाकं मागे जाऊ लागली. चारुता भिंतीच्या कडेने त्यांच्याबरोबर चालत गेली. पुढची खोली, स्वयंपाकघर, मग उंबऱ्यावरून धाडकन उडी. पलंगावरचं माणूस "हळू गं!" म्हणालं. चाकं पुढे गेली. शेजारच्या घराला मागे वाढवलेली खोली नव्हती. त्यांचं घर स्वयंपाकघराशी संपत होतं. तिथून पुढे उघडी जागा आणि नाला. तरी चाकं फरशीवरून जात राहिली, आणि मग थांबली.

थोडा वेळ काही नाही. फक्त वादळ.

मग पलीकडे काहीतरी कोसळलं. एकदम नाही. आधी एक लांबलचक तडा, लाकूड चिरल्यासारखा. मग विटा, खूप विटा, आणि त्यांच्यामागून पाण्याचा लोंढा. त्या गदारोळात एकच हाक, चारुताच्या आवाजातली.

"आई!"

पुढे काहीच नव्हतं.

चारुता आपल्या मागच्या खोलीच्या दारात उभी होती. आत टॉर्च मारला. कोरडी ठणठणीत खोली. भिंती जागच्या जागी. रंगावर साधा ओघळ नव्हता. कोपऱ्यात तिनेच सकाळी घालून ठेवलेली गादी. डोकं म्हणत होतं, वेडी आहेस, हीच जागा आहे, दुसरी नाही. वाऱ्यात काय वाटेल ते ऐकू येतं. तिने समोरच्या भिंतीवर तळवा टेकवला.

भिंत गार होती, आणि अगदी बारीक थरथरत होती. दूध उतू जाण्याआधी पातेलं थरथरतं तशी.

५

ती पुढे आली तेवढ्यात खिडकी फुटली.

काच पट्ट्यांना लोंबकळत आत आली, पाऊस आडवा घुसला, आणि आशालताबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मागे ने मला!" त्या ओरडल्या. "चारुता, मागे ने!"

"नाही."

"अगं, भिजून मरेन मी इथे!"

"मागे जायचं नाही, आई. बाहेर जायचं."

"बाहेर? डोकं फिरलंय तुझं? पाय मोडलाय माझा!"

चारुताने प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली. आईंच्या काखेत हात घातले. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिने या बाईचा शब्द क्वचितच मोडला होता. मोडला तेव्हाही आडून आडून, गोड बोलून. आज तिला गोड बोलायला वेळ नव्हता.

"तुम्ही ऐकलंत ना?" ती आईंच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली. "पलीकडे काय झालं ते ऐकलंत ना?"

आशालताबाईंचे ओठ हलले. मग त्यांनी हात चारुताच्या गळ्यात टाकले. खुर्चीत बसताना त्यांच्या घशातून असा आवाज निघाला की चारुताला वाटलं, प्लेट निखळली. तिने कपाटातली जुनी नऊवारी काढून त्यांना खुर्चीला छातीपासून गुडघ्यांपर्यंत गुंडाळलं आणि करकचून गाठ मारली. दार उघडताच वाऱ्याने ते भिंतीवर आपटलं.

अंगणात गुडघाभर पाणी होतं. खुर्ची मागे कलती करून ती उलट्या पावलांनी ओढू लागली. मागे बघायला डोळे नव्हते, श्वास घ्यायला हवा नव्हती. फाटकावरची फांदी आडवी आली. तिने खांद्याने ती रेटली, पुन्हा रेटली. "कमलाकरभाऊ!" ती ओरडली. आवाज तोंडातून निघायच्या आतच वाऱ्याने नेला. पुन्हा ओरडली. आशालताबाईही ओरडू लागल्या, शिवणवर्गाच्या पार टोकाला पोचणाऱ्या त्या आवाजात, "अहो पाटील! या की!"

पाटील आलेच होते. पाण्यातून हत्तीसारखे आले, फांदी एका हाताने बाजूला केली आणि खुर्चीचे पुढचे पाय उचलले. "वैनी, मागून धरा!"

गल्लीच्या मध्यावर असताना ते झालं. आधी लांबलचक तडा, लाकूड चिरल्यासारखा. चारुताला तो पाठ होता. पुढे काय येणार तेही. आवाज संपेपर्यंत तिने मान वळवली नाही. विटा कोसळल्या, लोंढा आला, आणि चारुताच्या घराच्या उघड्या दारातून नाल्याचं काळं पाणी पायऱ्यांवर ओसंडलं. त्यात ती गादी होती. फाटकापर्यंत तरंगत आली आणि फांदीला अडकली.

"अरे देवा," कमलाकर म्हणाले. "मागची खोली गेली."

६

सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. कॉलनीत ठिकठिकाणी झाडं आडवी पडली होती आणि माणसं एकमेकांना हाका मारत होती. नाल्याची भिंत चारुताच्या घरामागे आत कलून सगळ्या खोलीवर बसली होती. विटांतून पत्र्याची टोकं वर आली होती. सत्यजीतशी फोनवर बोलताना ती फक्त एवढंच म्हणाली, "आम्ही दोघी बाहेर होतो."

ती चपला हातात घेऊन चिखलाने भरलेल्या पुढच्या खोलीत गेली. काय वाचलंय ते बघायला. पाठीमागे कमलाकर होते. पलंग उलटा होऊन भिंतीला टेकला होता. तो सरळ करायला ती वाकली आणि थांबली.

भिंतीपलीकडून कोणीतरी हळूहळू ठोकत होतं. बोटाच्या पेरांनी ठोकावं तसं. मग आवाज, धुळीने बसलेला.

"चारुता... अगं, कुठे आहेस?"

कमलाकरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण ते पुढे झाले, हे चारुता पुढे कधी विसरली नाही. ते धावत घरी जाऊन पहार घेऊन आले आणि शेजारचं कुलूप कोयंड्यासकट उचकटलं. वेल तुटली. दार आत ढकललं.

घर रिकामं होतं. पाणी तिथे शिरलंच नव्हतं. फरशीवर वर्षांची धूळ, कोपऱ्यांत जाळी. माणूस काय, उंदीरही नव्हता. फक्त त्या धुळीत पुढच्या खोलीपासून चार चाकांच्या ओळी निघाल्या होत्या, आणि त्यांच्यामधून अनवाणी पावलं, बाईची. ओळी स्वयंपाकघरातून सरळ मागच्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या. भिंतीपाशी त्या थांबल्या नव्हत्या. भिंतीखाली शिरल्या होत्या. एक पाऊल अर्धं अलीकडे होतं. टाच दिसत होती, बोटं नव्हती.

चारुताने आपला पाय त्याच्या शेजारी ठेवून पाहिला नाही.

"चला, वैनी," कमलाकर कुजबुजले. "हे आपलं काम नाय."

७

आशालताबाई कमलाकरांच्या पहिल्या मजल्यावर होत्या. त्यांना तिने काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्यांनी तिचा चेहरा पाहून विचारलं आणि तिला खोटं बोलता आलं नाही.

"कोण ठोकतंय?" त्या म्हणाल्या. "मी?"

"हो."

"आणि तू? तुझा आवाज येतो का?"

चारुताने नकारार्थी मान हलवली. आदल्या दुपारच्या त्या एका हाकेनंतर तो आवाज आला नव्हता.

 कमलाकरांच्या स्वयंपाकघरातून चहाचा वास येत होता, खाली कोणीतरी कुऱ्हाडीने फांद्या तोडत होतं. मग आशालताबाई म्हणाल्या, "मला तिकडे ने."

"आई, नको."

"ती तिथे एकटी पडलीय. तुला हाका मारतेय आणि तू बोलत नाहीयेस. मला ठाऊक आहे मी कशी असेन. ने मला."

या खेपेला कोणी उचलावं, कोण बघतंय, हे त्यांनी विचारलं नाही. कमलाकरांनी आणि चारुताने त्यांना खुर्चीवरून पुढच्या खोलीत आणलं, चिखलातून, भिंतीला लगटून. कमलाकर बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले, पाठ करून.

ठोकणं चालूच होतं, पण मंदावलं होतं.

आशालताबाईंनी भिंतीवर हात ठेवला. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. सगळ्या गावाला दटावणारी बाई, ती स्वतःशी काय बोलणार? त्यांनी चारुताकडे पाहिलं. "मला नाही जमत," त्या म्हणाल्या. "तिला मी नकोय. तू बोल."

चारुता त्यांच्या पायांशी चिखलात बसली. तिने गाल भिंतीला लावला. पलीकडून घरघरता श्वास ऐकू येत होता, अगदी जवळून, एका विटेच्या अंतरावरून. उठून पळून जावं असं तिच्या सबंध अंगाला वाटत होतं. ती बसून राहिली.

"आई," ती म्हणाली. "मी आहे."

ठोकणं थांबलं. श्वासही थांबला. कुऱ्हाडीचे घाव तेवढे बाहेर पडत राहिले.

मग भिंतीतून, स्पष्ट, रागावलेल्या, रडवेल्या आवाजात उत्तर आलं.

"इतका वेळ कुठे होतीस?"

आशालताबाईंनी चारुताचा खांदा घट्ट आवळला. त्यांची नखं रुतली.

"येतेच आहे, आई," चारुता म्हणाली. तिचा आवाज कापला नाही. "थोड्याच विटा राहिल्यात. तुम्ही डोळे मिटा. मी बोलत राहते."

आणि ती बोलत राहिली. मितालीबद्दल, सत्यजीतच्या फोनबद्दल, शिवणवर्गातल्या बायकांबद्दल, दिवाळीला काय काय करायचं त्याबद्दल. पलीकडून आधी हुंकार येत होते, मग नुसता श्वास, मग तोही नाही. आशालताबाईंनी भिंतीवरचा हात काढला आणि सुनेच्या डोक्यावर ठेवला.

"झोपली," त्या म्हणाल्या. "आता तूही थांब."

पण चारुता थांबली नाही. ऊन फरशीवरून सरकत दारापर्यंत जाईतो ती त्या भिंतीला सांगतच होती, की ती येतेय.